मॉल टू मंडई, व्हाया गिरणी!

सुपरमार्केटात 'हेल्थ' नावाचा एक रॅक असतो, पाहिलाय ना? बिस्किटांच्या पुढे आणि शाम्पूच्या अलीकडे. खाकी नाहीतर हिरव्या रंगाची पाकिटं, त्यावर एखादं कणीस, ज्वारीचे फ्लेक्स, नाचणीच्या कुकीज, सात धान्यांचं काहीतरी. आपण पाकीट उचलतो, मागची किंमत बघतो आणि अगदी सभ्यपणे जागेवर ठेवून देतो. "हेल्दी खायचं तर आहे हो, पण परवडायला नको?" असं म्हणून पुढच्या रॅकवरचे नूडल्स ट्रॉलीत! बऱ्याच जणांचं हेल्दी खाणं इथंच सुरू होतं आणि इथंच संपतं.

मी आज तुम्हाला ज्या रस्त्यानं नेणार आहे तो या रॅककडे जातच नाही. तो कासारवाडीच्या मेट्रो स्टेशनवर सुरू होतो, मंडईत वर येतो, लक्ष्मी रोडनं नाना पेठेकडे सरकतो आणि परत पिंपळे सौदागरच्या एका पिठाच्या गिरणीत संपतो. एका शनिवारी आरामात होतो. मी तो गेल्या दोन महिन्यांत सहा वेळा केला, दरवेळी ताईच्या घरचं कुणी ना कुणी बरोबर घेऊन.

तर आधी त्या फॅमिलीची ओळख. ताई आणि जिजू दोघंही हिंजवडीत. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. शिवाय ताईच्या सासूबाई, ज्यांना अख्खं घर आजी म्हणतं, मीसुद्धा. सकाळी साडेआठला दोघं बाहेर, परत यायला रात्रीचे आठ. हिंजवडीचं ट्रॅफिक ज्यांनी भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको. त्यामुळे नाश्त्याला खोक्यातले फ्लेक्स, मुलांच्या डब्यात जॅम-ब्रेड, संध्याकाळी बिस्किटं आणि आठवड्यातून तीन-चार रात्री मोबाइलवरून मागवलेलं जेवण. आळशी कुणी नाही. दमलेले आहेत सगळे.

दिवाळीनंतर जिजूंच्या कंपनीत हेल्थ चेकअप झालं. एचबीएवनसी 6.1. ही टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगते. 5.7 च्या खाली सगळं आलबेल, 6.5 पासून पुढे मधुमेह, आणि मधला जो पट्टा, त्यात जिजू उभे. वय 38! एकटे नाहीत म्हणा. 2023 मध्ये आयसीएमआरचा देशभरातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातल्या मधुमेहींचा आकडा 10 कोटींच्या वर होता आणि जिजूंसारखे उंबरठ्यावरचे 13 कोटींहून जास्त. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको. वजन कमी करा, चाला, खाणं बदला आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट करा.

रिपोर्ट वाचून आजी काहीच बोलल्या नाहीत. आजोबांना त्यांनी बारा वर्षं इन्सुलिन टोचलंय. त्या उठल्या, बिस्किटांचा डबा ओट्यावरून उचलला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून आल्या.

ताईची अट एकच होती. घराचा हप्ता आहे, दोन शाळांच्या फिया आहेत, तेव्हा महिन्याचा खर्च एक रुपयानंही वाढता कामा नये. मग एका रात्री आम्ही दोघींनी तिच्या मोबाइलवरचे ऑक्टोबरचे सगळे व्यवहार काढले आणि कागदावर मांडले. किराणा 11,400. भाजी-फळं 3,900. बाहेरून मागवलेलं 8,700. एकूण 24,000, दूध वेगळं. ताई बराच वेळ तिसऱ्या आकड्याकडे बघत बसली.

मग कपाट उघडलं. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते, ती वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. म्हणजे जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. पुढच्या बाजूला नाचणीचं भलंमोठं चित्र असलेल्या एका बिस्किटाच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं होतं, दुसरं साखरेचं, आणि नाचणी तेलाच्याही नंतर कुठेतरी. पाचवीतल्या भाचीला हा खेळ जाम आवडला. तिनं पुढच्या तासाभरात कपाटातल्या अठरा पाकिटांची झाडाझडती घेतली. गव्हाच्या दाण्याला वरचा कोंडा असतो, आत अंकुर असतो आणि मध्ये नुसता पिठाळ भाग. मैदा करताना कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, म्हणजे नेमकं ज्यात फायबर आणि बरीचशी जीवनसत्त्वं असतात तेच. होल फूड्स, होल फूड्स म्हणून जे काही हल्ली चाललंय त्याचा सगळा फंडा एवढाच आहे. दाणा अख्खा खा.

आता अख्खा दाणा पुण्यात मिळतो कुठे?

मंडईत वर येताना

सप्टेंबर 2024 मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली आणि मंडईला स्वतःचं भुयारी स्टेशन मिळालं. त्याआधी पिंपळे सौदागरहून मंडईत जायचं म्हणजे पार्किंग शोधण्यातच अर्धी सकाळ. आता कासारवाडीला बसायचं, बोपोडी-खडकी खिडकीतून बघायचं, शिवाजीनगरच्या आधी गाडी जमिनीखाली जाते आणि थोड्या वेळात तुम्ही सरकत्या जिन्यांवरून वर येता. एसीतून थेट कोथिंबिरीच्या वासात!

समोरची ती दगडी, अष्टकोनी, मधोमध उंच मनोरा असलेली इमारत तुम्ही फोटोत शंभरदा बघितली असेल. 1886 मध्ये ती उघडली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. गंमत म्हणजे जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना एवढ्या खर्चिक इमारतीला त्यांचा विरोध होता, आणि पुढे तिला नाव मिळालं ते त्यांचंच, महात्मा फुले मंडई. बाहेर टिळकांचा पुतळा आहे. पुणेकर या सगळ्या परिसराला प्रेमानं 'मंडई विद्यापीठ' म्हणतात. इथं घासाघीस करून बघा, मग कळेल का ते.

आत दगडी ओट्यांवर गाळे. उंच छतातून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या खाली येतात आणि बरोबर टोमॅटोच्या ढिगावर पडतात. फोटो काढायला झक्कास. पण खरेदी करायची असेल तर मी म्हणेन, इमारतीच्या बाहेर जमिनीवर पोतं पसरून बसलेल्यांकडे जा. तिथं दहा प्रकारची भाजी नसते. एक-दोनच असतात, पण त्या सुपरमार्केटात कधी दिसणार नाहीत.

डिसेंबरातली पहिली फेरी ताईबरोबर होती. एका मावशींच्या पोत्यावर हिरवट-करडी, पिठूळ पानांची जुडी होती.

"मावशी, ही कुठली हो?"

"चाकवत. कधी खाल्ला न्हाई? ताकातला कर, हरभऱ्याची डाळ घाल, शेंगदाणं घाल. पोरं बोटं चाटतील." आणि ताईकडे वरपासून खालपर्यंत बघत, "हापिसात जाता न्हवं? मग दोन जुड्या न्या. शिजून एवढूसा होतो."

चाकवत, चंदनबटवा, तांदुळजा, शेपू, पानासकट मुळा. थंडीत मंडईच्या फुटपाथवर जेवढ्या पालेभाज्या असतात तेवढ्या मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरणार नाहीत. आम्ही त्या दिवशी पाच जुड्या घेतल्या, दहा ते पंधरा रुपयांच्या. शिवाय गाजरं, मटार, ओला पावटा आणि पेरू. पेरूला आम्ही किवीचा धाकटा गरीब भाऊ समजतो, पण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तो भल्याभल्यांना मागे टाकतो! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात निम्मं ताट भाज्या आणि फळांचं हवं असं म्हटलंय. ताईकडे त्या आठवड्यापर्यंत भाजी म्हणजे चटणीच्या शेजारची दोन चमचे बटाट्याची भाजी. ताट निम्मं भरायचं तर भाजीवरचा खर्च वाढणारच. तो वाढू द्यायचा हे आम्ही आधीच ठरवलं होतं. कात्री दुसरीकडे लावायची.

सल्ला हवा असेल तर एकच देते. यादी करून मंडईत जाऊ नका. ज्याचे ढीग लागलेत तेच त्या आठवड्यात स्वस्त आणि ताजं असतं. डिसेंबरात भेंडी शोधत फिरणाऱ्या माणसाला मंडई विद्यापीठ नापास करतं.

मालदांडी, दगडी आणि 'मिलेट'

मंडईतून बाहेर पडून लक्ष्मी रोडला लागायचं, सोन्या मारुती चौक मागे टाकायचा आणि पूर्वेकडे चालत राहायचं. साड्यांची दुकानं संपतात, भांड्यांची सुरू होतात, मग हळूहळू हवेत धान्याची धूळ आणि मिरचीचा ठसका जाणवायला लागतो. नाना पेठ, भवानी पेठ. घाऊक धान्याचा मोठा व्यवहार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात असतो, पण या पेठांमध्ये अजूनही जुनी भुसारवाल्यांची दुकानं आहेत. दारात उघडी पोती, पोत्याची तोंडं बाहेर वळवलेली, प्रत्येकात एक पाटी खोचलेली.

या फेरीला आजी बरोबर होत्या. गुडघे दुखत असतानाही हट्टानं आल्या. त्यांचं माहेर सोलापूरकडचं. दुकानदारानं ज्वारीच्या चार पोत्यांकडे बोट दाखवलं आणि त्यांनी प्रत्येकातली मूठभर तळहातावर घेतली. एक दाणा दाताखाली धरून फोडला. मला म्हणाल्या, "ही मालदांडी बघ. टपोरी आणि मोत्यासारखी. ही पलीकडची पावसाळी, पाण्यानं काळपट पडलीये."

मालदांडी ही रब्बीची ज्वारी. थंडीत, जमिनीतल्या ओलाव्यावर वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्या दिवशी आम्हाला ती किलोला 60 रुपयांनी मिळाली. बाजरी 40, नाचणी 55. दर हलत राहतात, तेव्हा हे आकडे घेऊन दुकानदाराशी भांडू नका! पण हिशोब कळावा म्हणून सांगते. ताईच्या जुन्या बिलावरचे ज्वारीचे फ्लेक्स किलोच्या भावात मांडले तर पाचशेच्या वर जात होते. नाचणीच्या त्या मैदेवाल्या कुकीज त्याहून महाग. तेच धान्य, तोच दाणा. मध्ये फक्त एक खोकं आणि एक इंग्रजी शब्द आलाय.

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. चांगलंच झालं, पण तेव्हापासून 'मिलेट' हा शब्द सॉलिड महाग झालाय. 'फॉक्सटेल मिलेट' म्हणून काचेच्या बरणीत जे मिळतं ते राळे. दुकानदारानं 'राळे' म्हणताच आजी एकदम खुलल्या. त्यांच्याकडे भोगीला राळ्याचा भात असायचा. आणि मग पोत्याशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. 1972 चा दुष्काळ. घरची ज्वारी संपली आणि बाहेरून आलेली लाल मिलो खावी लागली. भाकरीला ना चव, ना रूप. "तेव्हा ठरवलं होतं, माझ्या घरात रोज गव्हाची पोळी होईल. पांढरी, मऊ. झाली बाई. पन्नास वर्षं झाली." हातातली ज्वारी त्यांनी परत पोत्यात सोडली. "आणि आता हा रिपोर्ट."

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. भाकरी म्हणजे औषध नव्हे. ज्वारीतही स्टार्चच असतो. पोळीऐवजी भाकरी केली आणि तीन-चार हाणल्या तर साखर वाढणारच. भाकरीचा फायदा असा की ती भरपेट वाटते, तिच्याबरोबर भाजी जास्त जाते आणि जिजूंची गाडी दोनवर थांबते. नाचणीचं वेगळं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. वाढत्या मुलांसाठी आणि आजींच्या हाडांसाठी ती घ्यायचीच होती.

परतीच्या मेट्रोत जिजूंच्या लॅपटॉपच्या सॅकमध्ये पाच किलो ज्वारी, माझ्या पिशवीत मटकी, मूग आणि गूळ. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, ऑनलाइन मिळत नाही का हे?" मिळतं की. पण दाताखाली धरून फोडता येत नाही, असं आजींनीच त्याला सांगितलं.

सहा तास कुणाचे?

इथपर्यंत सगळं छान, फोटोजेनिक वगैरे. खरी परीक्षा घरी सुरू झाली.

पॅकेट फाडलं की फ्लेक्स तयार. ज्वारीचं तसं नाही. ती चाळा, निवडा, दळून आणा. आणि जास्त दळून ठेवताही येत नाही. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडवट होतं. ज्वारीचं जुनं पीठ असेल तर त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ मऊ यायला गरम पाणी लागतं, हात लागतो आणि सराव लागतो. ताईला भाकरी येत नव्हती. मला येत नाही. आजींना येते, पण ओट्याशी वीस मिनिटं उभं राहिलं की त्यांचे गुडघे बोलायला लागतात. कडधान्यं रात्री भिजवा, सकाळी बांधा. चाकवत निवडायला अर्धा तास.

भाचीला पाकिटांनंतर नवा उद्योग हवाच होता. तिनं फ्रिजवर एक तक्ता लावला, नवीन पद्धतीमुळे कुणाचा किती वेळ जास्त जातो त्याचा. पहिल्या दोन आठवड्यांचा निकाल असा होता. आठवड्याला एकूण सहा तास जास्त. त्यातले साडेचार ताईचे, एक आजींचा, अर्धा जिजूंचा. (जिजूंचा अर्धा तास म्हणजे शनिवारी पिशव्या उचलणं.)

तिसऱ्या रविवारी ताईचा स्फोट झाला. मेथी निवडत होती, ती तिथंच टाकून उठली. "पैसे वाचतायत ते घराचे. वेळ जातोय तो माझा. साखर कुणाची वाढलीये? माझी?" जिजू मॅच बघत होते. टीव्ही बंद झाला. आजी म्हणाल्या, "बरोबर बोलतीये ती."

'आपल्या आज्या कशा सगळं घरी करायच्या' असं कौतुकानं लिहिणाऱ्या लेखांत हा सीन कधीच नसतो. आज्या करायच्या, कारण त्यांना दुसरं काही करू दिलं जात नव्हतं. नोकरी करणाऱ्या बाईच्या दिवसात हे सहा तास कुठून आणायचे, हा प्रश्न सोडवल्याशिवाय होल फूड स्वस्त आहे असं म्हणणं म्हणजे तिच्या वेळेची किंमत शून्य धरणं झालं.

तर त्या रात्री नवीन वाटणी झाली. सकाळी पोळ्या करायला मावशी येतातच, त्यांना आठवड्यातले चार दिवस भाकरीसाठी विचारलं. महिना दीड हजार वाढवून मागितले, आणि ते अगदी रास्त होते. मंडई, निवडणं आणि गिरणी जिजूंकडे. मॅच बघायला हरकत नाही, पण मांडीवर मेथीचं ताट घेऊन. मोड आणण्याचं डिपार्टमेंट भाचीकडे. थंडीत मटकीला मोड यायला वेळ लागतो, तेव्हा ती फडकं बांधलेलं भांडं आपल्या जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवते. पहिलीतला साहेब मटार सोलतो, निम्मे खातो. खाऊ देत.

मावशी मूळच्या बीडकडच्या. पहिल्या दिवशी परातीत ज्वारीचं पीठ बघून हसल्या. "ताई, आम्ही गरीब होतो तेव्हा भाकरी खायचो. आता आम्ही पोळी खातो आन् तुमी भाकरी." गमतीत म्हणाल्या, पण त्यामागचा हिशोब गमतीचा नाही. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो, 2023 पासून फुकट. साठ रुपये किलोची ज्वारी त्यांनी विकत का घ्यावी? गावाकडून कुणी आलं आणि घेऊन आलं तरच त्यांच्याकडे भाकरी होते. ताईनं त्यांना दर आठवड्याला दोन किलो ज्वारी द्यायला सुरुवात केलीये. मावशींनी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा घेतली.

सगळंच जमलं असं समजू नका. नाचणीची आंबील दोन्ही मुलांनी एकमतानं नाकारली, भाच्याच्या शब्दांत 'चिखल'. तेच पीठ थोडा कांदा, कोथिंबीर घालून घावनासारखं तव्यावर टाकलं तर तीन-तीन खातात. गूळ-तुपातले नाचणीचे लाडू डब्यात जातात आणि रिकामा डबा परत येतो. अख्ख्या मुगाची उसळ चालते, कुळीथ नाही. फ्लेक्सच्या जागी पोहे आले, भरपूर शेंगदाणे, मटार आणि वर लिंबू. पोह्यांना उगाच बदनाम करणाऱ्यांशी माझं पटत नाही. शुक्रवारची नूडल्सची रात्र मुलांनी लढून वाचवली आणि ती वाचायलाच हवी होती. पहाटे उठून मिलेटचं काहीतरी बनवणारं घर मला तरी घाबरवतं.

डिसेंबरअखेर परत मोबाइल उघडला, परत कागद. किराणा 8,900. भाजी-फळं 5,600. बाहेरचं 3,800. मावशींचे वाढीव 1,500. एकूण 19,800. ज्वारी-नाचणीनं थोडं वाचवलं, पण खरा फरक पडला तो तिसऱ्या आकड्यात. घरी भाकरी आणि उसळ तयार असेल तर रात्री नऊला कुणी मोबाइल उचलत नाही. वाचलेल्या 4,200 मधून ताईनं काय घेतलं माहितीये? सकाळी मावशींबरोबर भाजी चिरून देणारी आणखी एक मदतनीस, आठवड्यातून तीन दिवस. मला हा खर्च अख्ख्या हिशोबातला सगळ्यात हुशार वाटला.

जानेवारीत भोगी आली. वांगी, ओला हरभरा, पावटा, गाजर, बोरं, तिळाचं कूट असं सगळं एकत्र करून आजींनी खुर्चीवर बसून भाजी केली, मावशींनी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. राळ्याचा भातही झाला. मुलांनी भातातलं दूध-गूळ तेवढं खाल्लं. आजींनी मात्र दोनदा घेतला.

जिजूंची पुढची टेस्ट फेब्रुवारीत आहे. वजन साडेतीन किलोनं उतरलंय, पण टेस्टबद्दल घरात कुणी बोलत नाही. आजी तर मुळीच नाही.

गेल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गिरणीत गेले होते. पत्र्याचं शेड, भिंतींवर पिठाचा थर, बोलायचं तर ओरडूनच. समोर डब्यांची रांग, प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. चाळिशीकडे झुकलेला, कंपनीचा टीशर्ट घातलेला एक माणूस स्टीलचे दोन डबे घेऊन रांगेत, आणि पुढच्या काकूंनी विचारलं, "बायको माहेरी गेलीये का?"

"नाही हो. दळण माझ्याकडे आहे."

काकूंनी गिरणीवाल्याकडे बघितलं. गिरणीवाल्यानं काही न बोलता जिजूंचा डबा उचलला आणि गव्हाचं पीठ पडत होतं तिकडे नेऊ लागला. तेवढ्यात जिजू घरघराटाच्या वर ओरडले, "दादा, गव्हावर नको! आधीची ज्वारी होऊ द्या, ज्वारीवर ज्वारी टाका. आणि बारीक."